घरखर्चाचा हिसाब: पगारापासून ईदपर्यंत पैसा कसा पुरवायचा?

महिन्याची २० तारीख उलटली की आपल्याकडच्या अनेक घरांत एकच प्रश्न ऐकू येतो, पगार गेला कुठे? उत्तर कुणालाच नीट देता येत नाही. उधळपट्टी झाली म्हणावी तर तशीही झालेली नसते. दूध, भाजी, रिचार्ज, रिक्षा, मुलांच्या वह्या, नातेवाइकांकडची एखादी दावत, असं करत करत पैसा संपतो. मग किराणा दुकानातलं उधारीचं पान वाढतं, नाहीतर कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतात.

शाळेत शिकवणाऱ्या आम्हा लोकांना या तंगीचा शेवट दिसतो. जून उजाडला आणि घरात पैसे नसले की फी, पुस्तकं आणि बसभाड्याचा विचार सुरू होतो, आणि कात्री बहुतेक वेळा मुलीच्या शिक्षणावर चालते. मुलगा शाळेत जातो, मुलीला ‘एक वर्ष थांब’ म्हणून घरी बसवतात. ते एक वर्ष बहुधा परत येत नाही. त्याच घरात काही आठवड्यांपूर्वी कपड्यांवर आणि लग्नाच्या आहेरावर खर्च झालेला असतो. हेतू कुणाचाच वाईट नसतो. फक्त हिसाब नसतो.

म्हणून या लेखात घरखर्चाचं अंदाजपत्रक, म्हणजे सगळे ज्याला बजेट म्हणतात ते, कसं बनवायचं आणि मुख्य म्हणजे कसं टिकवायचं हे पाहू. यासाठी मोठा पगार लागत नाही, शिक्षणही फार लागत नाही. एक वही, एक पेन आणि आठवड्यातून २० मिनिटं पुरतात.

मोजल्याने बरकत जाते का?

‘रोजी देणारा अल्लाह आहे, पैसे मोजत बसलं की बरकत जाते’ असं काही घरांत बोललं जातं. पण दीनची शिकवण पाहिली तर गोष्ट उलटी दिसते. सूरह बनी इस्राईलच्या २६ ते २९ या आयतींमध्ये नातेवाईक, गरजू आणि मुसाफिराचा हक्क द्यायला सांगितलं आहे, फिजूलखर्चीला सक्त मनाई केली आहे आणि कंजुषी व उधळेपणा ही दोन्ही टोकं टाळायला सांगितली आहेत. सूरह फुरकानच्या ६७व्या आयतीत नेक बंद्यांचा एक गुण म्हणून खर्चातला हाच समतोल सांगितला आहे. कुरआनमधली सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आणि सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवण्याचा सल्ला दिला, तो पुढच्या सात दुष्काळी वर्षांसाठी होता.

लिहिणं, मधला मार्ग धरणं आणि वाईट दिवसांसाठी राखून ठेवणं. घराच्या बजेटचे तीन पाय हेच आहेत.

पहिला महिना: काहीही बदलू नका, फक्त लिहा

बरेच लोक पहिल्याच दिवशी मोठा तक्ता करतात. किराणा इतका, भाजी इतकी, बाहेर खाणं बंद. आठ दिवसांत तक्ता मोडतो, कारण ते आकडे मनाचे असतात. म्हणून पहिला महिना खर्च नेहमीसारखाच करा आणि प्रत्येक रुपया लिहा. चहाचे १० रुपये, मुलाने नेलेले २० रुपये, मशिदीच्या गल्ल्यात टाकलेले ५ रुपये, सगळं.

लिहिण्यासाठी घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल अशी एकच जागा ठेवा. स्वयंपाकघरात दोरीला बांधलेली वही चालते. मोबाइलवरून पैसे दिले असतील तर रात्री यूपीआयची यादी उघडून आकडे वहीत उतरवा. मोबाइलने दिलेला पैसा हातातून जाताना जाणवत नाही, म्हणून नेमका तोच लिहायचा राहून जातो.

महिनाअखेरीस खर्चाचे तीन गट करा.

१. ठरलेला खर्च: घरभाडं, शाळा-मकतबची फी, कर्जाचा हप्ता, रिचार्ज. हा दर महिन्याला जवळपास सारखाच असतो.

२. कमीजास्त होणारा खर्च: किराणा, भाजी, गोश्त, दूध, लाइट बिल, पेट्रोल, औषधं.

३. वर्षातून एकदा-दोनदा येणारा खर्च: रमजान, ईद, कुर्बानी, शाळेची सुरुवात, लग्नं, बाळंतपण, पावसाळ्याआधीची घराची डागडुजी.

घरं अडकतात ती तिसऱ्या गटात. हा खर्च ‘अचानक आला’ असं आपण म्हणतो. पण रमजान दर वर्षी येतो, जूनही दर वर्षी येतो. अचानक असं त्यात काही नसतं.

कमाई कशी येते, तसा हिसाब

बजेटच्या पुस्तकांत पगार एक तारखेला येतो. आपल्या अनेक घरांत तसं नसतं.

आठवड्याचा पगार: मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत बऱ्याच कामगारांना पगार आठवड्याला मिळतो. वर्षात ५२ आठवडे असतात. महिन्याचा खर्च चार पगारांवर बसवला तर वर्षाला ४८ पगार लागतात आणि ४ पगार शिल्लक राहतात. ज्या महिन्यात पाचवा पगार येतो, तो पगार आला तसा वर्षाच्या खर्चासाठी बाजूला काढा. तो रोजच्या खर्चात मिसळला की कुठे गेला ते कळतही नाही.

रोजची कमाई: रिक्षा, हातगाडी, मजुरी करणाऱ्यांनी मागच्या सहा महिन्यांतला सर्वात कमी कमाईचा महिना पाहावा आणि घरखर्च त्या आकड्यावर बसवावा. चांगल्या महिन्यातली जास्तीची रक्कम कमी महिन्यासाठी ठेवावी. रिक्षावाल्याने संध्याकाळी घरी आल्यावर आधी इंधन आणि हप्त्याचे पैसे वेगळे करावेत. उरलेली रक्कम हीच खरी कमाई. गल्ल्यातली पूर्ण रक्कम कमाई समजणं ही छोट्या धंद्यातली नेहमीची गडबड आहे.

हंगामी कमाई: कोकणात मासेमारीवर जगणाऱ्या घरांना जून-जुलैच्या बंदीत उत्पन्न नसतं. नेमकं त्याच वेळी शाळा सुरू होते. अशा घरांनी वर्षाची कमाई १० महिन्यांची धरून १२ महिन्यांत वाटावी.

आखातातून येणारा पैसा: रत्नागिरी, रायगडच्या अनेक घरांत दुबई-कुवेतहून पैसा येतो. इथे घरखर्चाची रक्कम ठरवून घ्या आणि वरचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. ती नोकरी कायमची नसते. परत आल्यावर काय करायचं, याचीही तजवीज त्याच पैशातून व्हायची असते.

बायकोची कमाई: शिवणकाम, शिकवणी, नोकरी यांतून बायको जे कमावते त्यावर शरीयतप्रमाणे तिचाच हक्क आहे. घराचा नफका ही नवऱ्याची जबाबदारी आहे. तिने खुशीने घरात पैसे दिले तर तो तिचा चांगुलपणा. म्हणून वहीत तिची रक्कम वेगळ्या ओळीत लिहावी. मेहर आणि तिचे दागिने घराच्या बजेटमध्ये धरू नयेत.

एक नमुना: २५,००० रुपयांचं घर

खाली जिल्ह्याच्या गावात भाड्याने राहणाऱ्या सहा जणांच्या घराचा नमुना दिला आहे. अब्बा, अम्मी, तीन मुलं आणि दादी. दुकानातल्या नोकरीचे १९,००० रुपये, अम्मीच्या शिवणकामाचे ४,५०० आणि ‘लाडकी बहीण’ योजनेचे १,५०० अम्मी खुशीने घरात देते असं धरू. एकूण २५,००० रुपये. आकडे समजण्यासाठी आहेत, आपल्या गावाप्रमाणे ते बदलतील.

घरभाडं: ५,०००
किराणा आणि धान्य: ५,०००
दूध, भाजी, अंडी, गोश्त: ४,५००
गॅस, लाइट, पाणी: १,८००
शाळा, मकतब, शिकवणी: २,२००
पेट्रोल, रिक्षा: १,५००
मोबाइल रिचार्ज: ७००
औषधं: ८००
वर्षाच्या खर्चाचा डबा: २,०००
अडचणीचा डबा: ८००
सदका: २००
हातखर्च: ५००
एकूण: २५,०००

यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, शेवटी काही ‘उरलं तर वाचवू’ असं इथे नाही. दोन्ही डबे भाड्यासारखेच ठरलेल्या खर्चात आहेत आणि त्यांचे पैसे पगाराच्या दिवशीच वेगळे होतात. दोन, हातखर्च ठेवलेला आहे. अब्बांचा चहा, अम्मीची एखादी छोटी वस्तू याचा हिसाब विचारायचा नाही. ज्या बजेटमध्ये कुणालाच मोकळा श्वास नाही ते टिकत नाही. तीन, सदका लहान असला तरी त्याची जागा ठरलेली आहे, म्हणजे दारात आलेल्याला देताना हात आखडत नाही.

वर्षाचा डबा आणि चांदाचं वर्ष

आता तिसऱ्या गटाचा खर्च मोजू. याच घराचा वर्षाचा अंदाज असा:

रमजानचा जादा खर्च: ५,०००
ईदचे कपडे, शिरखुर्मा, ईदी: ६,०००
सहा जणांचा फितरा: ६००
कुर्बानीचा एक हिस्सा: ३,०००
जूनमध्ये वह्या, पुस्तकं, गणवेश, दप्तर: ५,०००
लग्नं, अकीका वगैरेंचे आहेर: २,४००
एकूण: २२,०००

ही रक्कम १२ने न भागता ११ने भागा. कारण चांदाचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. म्हणजे प्रत्येक ईद दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे येते आणि पगाराचे १२ महिने पूर्ण होण्याआधीच दारात उभी राहते. २२,०००ला ११ने भागलं की महिन्याला २,००० रुपये येतात. बाराव्या महिन्याचे २,००० अडचणीच्या डब्यात टाकता येतात.

चांदाच्या हिसाबाचा आणखी एक परिणाम होतो. सण आणि शाळेचा खर्च कधी लांब असतो, कधी एकमेकांवर येतो. २०२६ मध्ये बकरी ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे शाळा उघडण्याच्या तोंडावर येते. २०२७ मध्ये ती मेच्या मध्यावर सरकते. आणि २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होतो, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणून दर वर्षी इंग्रजी कॅलेंडरवर रमजान, दोन्ही ईद आणि शाळेची तारीख लाल पेनने नोंदवून ठेवा. दोन मोठे खर्च एकाच महिन्यात पडत असतील तर ते सहा महिने आधी कळलं पाहिजे.

या डब्यातही आत खणे करा. शाळेचे ५,००० वेगळ्या पाकिटात असू द्या आणि त्यावर मुलीचं-मुलाचं नाव लिहा. ईदला कमी पडले तरी त्या पाकिटाला हात लावायचा नाही, हा घराचा कायदा करा. नाव लिहिलेलं पाकीट फोडायला माणूस कचरतो.

कुर्बानीबद्दलही एक गोष्ट. कुर्बानी ऐपतीप्रमाणे आहे. हनफी मसलकात ती निसाब असणाऱ्यावर वाजिब आहे, शाफई मसलकात सुन्नते मुअक्कदा. शेजाऱ्याने बकरा आणला म्हणून व्याजाने पैसे काढून बकरा आणणं यात सवाब शोधू नये. मोठ्या जनावरात सात हिस्से होतात, त्यातला एक घेता येतो.

रमजान: खर्च वाढतो कुठे?

रमजानमध्ये दिवसातलं एक जेवण कमी होतं, तरी खर्च वाढतो. कारण इफ्तारचं दस्तरखान. रोज तळलेले तीन पदार्थ, दोन सरबतं, कापलेली फळं, आणि त्यातलं अर्धं तरावीहनंतर कुणी खात नाही. काही साधे उपाय आहेत.

शाबान महिन्यातच खजूर, बेसन, तेल, साखर, रवा, शेवया घेऊन ठेवा. रमजानच्या पहिल्या आठवड्यात फळं आणि खजुराचे भाव चढतात.

कपडे शेवटच्या दहा रात्रींत घेऊ नका. तेव्हा गर्दी असते, भाव वर असतो, निवड कमी असते आणि इबादतीच्या रात्री बाजारात जातात. महिनाभर आधी घ्या.

इफ्तारला रोज खजूर, एक फळ आणि एकच तळलेला पदार्थ ठेवा. पाहुणे असतील त्या दिवशी वाढवा.

ईदीची एकूण रक्कम आधी ठरवा आणि तेवढ्याच नोटा सुट्ट्या करून पाकिटात ठेवा. पाकीट संपलं की ईदी संपली.

फितरा ईदच्या नमाजआधी द्यायचा असतो. रक्कम आपल्या मशिदीतून जाहीर होते. घरातली माणसं मोजून ती आधीच बाजूला काढा.

जकातीचं पान

वहीत जकातीसाठी एक वेगळं पान असावं. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, आणि सोन्याचा साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम आहे. निसाबाइतकी मालमत्ता आपल्याकडे आली ती चांदाची तारीख लिहून ठेवा. चांदाचं एक वर्ष पूर्ण झालं की देणी वजा करून उरलेल्या रकमेवर अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा द्यायचा. १,००,००० रुपयांवर २,५०० रुपये. ही रक्कम एकदम जड जात असेल तर वर्षभर थोडी थोडी आगाऊ देता येते, फक्त जकातीची नियत करून आणि लिहून.

वापरातल्या दागिन्यांबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. हनफी मतानुसार त्यांवर जकात आहे. शाफई मतानुसार नेहमीच्या वापरातल्या जायज दागिन्यांवर नाही. कोकणातली बरीच घरं शाफई आहेत, घाटावरची बहुतेक हनफी. कर्ज किती वजा करायचं यातही बारकावे आहेत, म्हणून आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या. आणि घरावर खरंच तंगी असेल, आपण जकात घेण्यास पात्र असू, तर ती घेण्यात लाज वाटून सावकाराच्या दारात जाऊ नये.

कर्ज, उधारी आणि भिशी

ज्या घरावर कर्ज आहे त्याने बजेटच्या आधी कर्जाची यादी करावी. कुणाचे, किती, कधी घेतले, कधी द्यायचे, व्याज आहे का. ही यादी नवरा-बायको दोघांना माहीत असली पाहिजे. लपवलेलं कर्ज कुठल्याच बजेटमध्ये बसत नाही, आणि ते बहुधा दारात वसुलीवाला आल्यावरच कळतं.

आधी व्याजाचं कर्ज फेडा. दीनच्या दृष्टीने सूद हराम आहे आणि हिसाबाच्या दृष्टीनेही तोच सर्वात महाग पडतो. खासगी सावकाराकडून महिना ५ टक्क्यांनी २०,००० रुपये घेतले तर महिन्याला १,००० रुपये नुसतं व्याज जातं. वर्षात १२,००० देऊनही मुद्दल २०,००० तसंच. राज्यात सावकारीसाठी २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे आणि परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या. ओळखीच्या नात्यात बिनव्याजी रक्कम मिळाली किंवा गावातल्या बैतुलमालमधून कर्जेहसना मिळालं तर त्यातून सावकाराचं कर्ज बंद करावं. नवी रक्कम लिहून, दोन साक्षीदार ठेवून, मुदत ठरवून घ्यावी.

किराण्याची उधारी बिनव्याजी दिसते, पण तिथे भाव विचारायची सोय राहत नाही. ती एकदम बंद होत नसेल तर जुनी बाकी वेगळ्या पानावर काढून घ्या, दर महिन्याला त्यातले ५०० रुपये फेडा आणि नवा माल रोख घ्या.

भिशी, काही घरांत जिला बीसी किंवा कमिटी म्हणतात, हा बचतीचा जुना आणि चांगला मार्ग आहे. १२ जणांनी महिन्याला २,००० रुपये भरले की दर महिन्याला एकाला २४,००० मिळतात. नंबर चिठ्ठीने काढा. बोली लावून जो कमी रकमेत उचलेल त्याला देणं आणि वरची रक्कम बाकीच्यांत वाटणं, यात सूद शिरतो. भिशी ओळखीच्या लोकांत, लहान आणि लेखी असावी. आपला नंबर शक्यतो शाळा किंवा ईदच्या आधी येईल असा मागून घ्या. ज्याला आधीच मिळाली तो पुढे भरेल का, याची खात्री असेल तरच सामील व्हा.

अडचणीचा डबा

आजारपण, काम सुटणं, मशीन बिघडणं यासाठी हा डबा आहे. वर सांगितलेल्या घराचं पोट भरण्यापुरतं खर्चाचं गणित, म्हणजे भाडं, किराणा, दूध-भाजी, गॅस-लाइट आणि औषधं, महिन्याला १७,१०० रुपये होतं. महिन्याला ८०० आणि वर्षाच्या डब्यातून उरलेले २,००० धरले तर वर्षात ११,६०० जमतात. म्हणजे एका महिन्याची सोय व्हायला जवळपास दीड वर्ष लागेल. वेळ लागतो हे खरं. पण ११,६०० रुपये हातात असलेलं घर आणि काहीच नसलेलं घर यांत फरक आहे. पहिल्याला दवाखान्यात जाताना सावकाराची आठवण येत नाही. तीन महिन्यांची सोय हे लांबचं उद्दिष्ट ठेवा.

ही रक्कम घरात ठेवली तर हात जातो, म्हणून बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला यूपीआय जोडू नका. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही. ‘महिन्याला हलाल नफा, पैसे दुप्पट’ असं सांगत येणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहा. खात्यावर जमा होणारं व्याज वेगळं लिहा. ते घरात न वापरता सवाबाची नियत न ठेवता गरजूला द्यावं, असं उलेमा सर्वसाधारणपणे सांगतात.

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला ठरावीक उपचारांवर, यादीतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. रेशनकार्डावरची नावं आणि आधारवरची नावं जुळतात का, हे आजच पाहून ठेवा. घाईच्या वेळी ‘शेख’ आणि ‘शेख़ मो.’ यांचा घोळ निस्तरता येत नाही.

बचत नेमकी कुठे होते?

रेशन: अन्नसुरक्षा यादीतल्या प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. सहा माणसांच्या प्राधान्य घराला ३० किलो. हे धान्य सोडून किराण्याचं बजेट करू नका.

वीज: महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटला दर कमी असतो, पुढे १०१ ते ३०० आणि त्यावरच्या टप्प्यांत तो वाढत जातो. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो. ३० वॅटचा नव्या पद्धतीचा पंखा साधारण ११ युनिट. २,००० वॅटचा गीझर अर्धा तास लावला की एक युनिट गेलं. महिन्याच्या मध्यावर मीटर पाहायची सवय मुलांना लावा.

बाजार: यादी करून, पोट भरलेलं असताना आणि रोख पैसे घेऊन जा. महिन्याचा किराणा एकदाच भरा. रोज ‘पाव किलो साखर’ आणली तर ती महाग पडते.

लग्न: आहेराची रक्कम नात्याप्रमाणे आधीच ठरवा. प्रत्येक लग्नाला नवा जोडा घेण्याची पद्धत कुणी तरी मोडायला हवी.

टिकवायचं कसं?

बजेट बनवणं एका संध्याकाळचं काम आहे, टिकवणं वर्षाचं. त्यासाठी या सवयी.

जुम्म्याची बैठक: दर जुम्म्याला जेवणानंतर २० मिनिटं नवरा-बायकोने वही घेऊन बसावं. कोणत्या खणात किती उरले तेवढंच पाहायचं. ‘तुम्हीच उडवले’ हे वाक्य या बैठकीत बंद. दादा-दादी असतील तर त्यांनाही बसवा. पाच रुपयांत घर चालवलेल्या माणसांकडे शिकण्यासारखं बरंच असतं.

खण बदला, लिहून बदला: पाहुणे आले आणि गोश्ताचे पैसे संपले तर दुसऱ्या खणातून घ्या. पण कुठून घेतले ते लिहा. फक्त शाळेचं आणि अडचणीचं पाकीट यातून वगळा.

एक रात्र थांबा: ५०० रुपयांच्या वरची, यादीत नसलेली वस्तू त्याच दिवशी घ्यायची नाही. सकाळीही तितकीच गरज वाटली तर बघू. हप्त्यावर मिळणाऱ्या मोबाइलला तर एक महिना थांबा.

मुलांना सांगा: पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांना घरात किती येतात आणि किती जातात हे ढोबळ कळू द्या. वहीतली बेरीज त्यांच्याकडून करून घ्या. त्यांचं गणितही सुधारतं, आणि ‘नाही’ का म्हटलं हेही कळतं.

पहिले तीन महिने आकडे चुकतील. किराणा ५,०००चा धरला आणि ५,८००ला गेला तर बजेट फसलं असं समजून वही बंद करू नका. पुढच्या महिन्यात ५,८०० धरा आणि ते ८०० कुठून आणायचे ते बैठकीत ठरवा. चौथ्या महिन्यापासून आकडे बसू लागतात. आणि पैसेच कमी पडत असतील, सगळं काटकसरीने करूनही पुरत नसेल, तर वही तेही स्पष्ट सांगते. मग प्रश्न खर्चाचा नसून कमाईचा आहे हे कळतं आणि जादा कामाचा, मुलांच्या शिष्यवृत्तीचा, सरकारी योजनेचा विचार वेळेवर सुरू होतो.

रोजी किती मिळेल हे आपल्या हातात नाही. आलेली रोजी अमानत समजून सांभाळणं आपल्या हातात आहे. या जुम्म्याला एक वही घ्या, पहिल्या पानावर बिस्मिल्लाह लिहा आणि पहिलं पाकीट मुलीच्या शाळेच्या नावाने बाजूला ठेवा. बाकीची ओळ पुढच्या आठवड्यात लिहिता येईल. अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत बरकत देवो आणि कर्जाच्या ओझ्यातून सोडवो. आमीन.